‘खाजवू नकोस’ हे औषध नाही : इसब, खाज आणि रात्रीची झोप

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ थोडे कमी केलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत? मग आधी एक सूचना. हा भाग ऐकता ऐकता तुम्हाला कुठेतरी खाज सुटणार आहे. मानेवर, पोटरीवर, कुठेही. घाबरू नका. खाज जांभईसारखी असते. समोरचा डोकं खाजवायला लागला की आपलाही हात वर जातो. तेव्हा खुशाल खाजवा, आणि ऐकत राहा.

आज बोलायचंय इसबाबद्दल, म्हणजे एक्झिमाबद्दल. त्यातही रात्रीच्या खाजेबद्दल, कारण दिवसाची खाज कशीतरी निभावता येते, पण रात्रीची माणसाला पार पिळून काढते.

मला हा इसब लहानपणापासून आहे. कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर. हॉस्टेलला होते तेव्हा माझ्या चादरी कायम गडद रंगाच्या असायच्या. आवड म्हणून नाही. फिक्या चादरीवर सकाळी रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे आणि रूममेटने विचारलं की काय सांगायचं कळायचं नाही. घरी असले की आई रात्री उठून माझा हात धरून बसायची. “अगं, खाजवू नकोस, चिघळेल.” तिचं चुकत नव्हतं. पण मी झोपेत होते! झोपेत हात मला विचारून थोडाच हलत होता?

खूप उशिरा मला एक गोष्ट कळली, आणि आजच्या भागात तीच सांगायची आहे. रात्रीची खाज रात्री थांबवता येत नाही. ती संध्याकाळी थांबवायची असते, आणि खरं तर दिवसभर.

मी डॉक्टर नाही. पेशंट आहे, भरपूर वाचलंय, डॉक्टरांना भरपूर पिडलंय. तुमच्या त्वचेचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर घ्या.

इसब म्हणजे नक्की काय?

कोकणातलं कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. कौलं नीट बसलेली असली की बाहेरचा पाऊस आत येत नाही. चार कौलं सरकली की गळती सुरू. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर असाच असतो. सपाट पेशी एकावर एक रचलेल्या आणि मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजवलेल्या. इसबाच्या त्वचेत ही कौलं सरकलेली असतात. आतला ओलावा बाहेर उडून जातो, म्हणून त्वचा कोरडी पडते. बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात, म्हणून आतली रोगप्रतिकारशक्ती सतत भडकलेली राहते.

यात आनुवंशिक भागही आहे. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन हा थर घट्ट ठेवायला मदत करतं. त्याच्या जनुकात दोष असेल तर इसब होण्याची शक्यता बरीच वाढते, हे २००६ मध्ये समोर आलं. घरात कोणाला दमा, कोणाला सर्दीची ॲलर्जी, कोणाला इसब, असं चित्र दिसतं ते म्हणूनच.

म्हणजे इसब ‘रक्त खराब झाल्यामुळे’ होत नाही. अस्वच्छतेमुळे होत नाही. आणि तो लागण होऊन पसरत नाही. माझा टॉवेल वापरल्याने, माझ्या शेजारी बसल्याने कोणालाही इसब होणार नाही. हे वाक्य स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकायला माझी हरकत नाही.

आणखी एक. इंटरनेटवरच्या फोटोंत इसब गुलाबी-लाल दिसतो, कारण ते फोटो बहुतेक गोऱ्या त्वचेचे असतात. आपल्या सावळ्या त्वचेवर तो तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसू शकतो. ‘लाल नाही म्हणजे इसब नाही’ असं समजू नका.

मग रात्रीच का?

चार कारणं एकाच वेळी जुळून येतात.

पहिलं, शरीराचं घड्याळ. कॉर्टिसॉल हे संप्रेरक आपल्या शरीरातली सूज दाबून ठेवतं. सकाळी ते भरपूर असतं, रात्री त्याची पातळी खाली येते. म्हणजे पहारेकरीच ड्युटी संपवून घरी जातो.

दुसरं, झोपेच्या वेळी त्वचा गरम होते. शरीर आतली उष्णता त्वचेवाटे बाहेर टाकत असतं. उष्णता वाढली की खाज वाढते. पांघरुणात घुसल्यावर दहा मिनिटांत जे सुरू होतं ना, ते हेच.

तिसरं, रात्री त्वचेतून पाणी जास्त उडतं, म्हणजे कोरडेपणा वाढतो.

आणि चौथं, रात्री मनाला दुसरं कामच नसतं. दिवसा लेक्चर आहे, ऑफिस आहे, लोकल पकडायची आहे. रात्री दिवा मालवला की फक्त तुम्ही आणि तुमची खाज.

त्यात झोप हलकी असते तेव्हा हात जास्त चालतो, गाढ झोपेत कमी. पण खाजेमुळे झोप गाढ होतच नाही. झोप हलकी म्हणून खाजवणं, खाजवल्यामुळे झोप हलकी. दुसऱ्या दिवशी डोकं जड, चिडचिड, अभ्यासात लक्ष नाही. लोक म्हणतात, “एवढं काय, खाजच आहे ना?” ज्याने महिनाभर सलग झोप घेतलेली नाही त्याला विचारा.

खाजवलं की बरं का वाटतं?

खाजवणं म्हणजे स्वतःला दिलेली थोडीशी वेदना. ही वेदना मणक्यातल्या मज्जारज्जूच्या पातळीवर खाजेचा निरोप काही काळ दाबून टाकते. मेंदूत आनंद देणारे भागही जागे होतात. म्हणून ते दोन क्षण अगदी स्वर्ग वाटतो.

पण नखांनी कौलं आणखी सरकतात. त्वचा दुखावली की सूज वाढवणारी रसायनं बाहेर पडतात, आणि ती पुन्हा खाजेच्या नसांना डिवचतात. खाज, खाजवणं, जखम, आणखी खाज. महिनोन्‌महिने हे चाललं की त्वचा जाड, काळपट आणि खरखरीत होते, आणि ती जाड त्वचा स्वतःच खाजते.

म्हणूनच उपचार दोन्हीकडून हवा. त्वचेचाही आणि हाताच्या सवयीचाही. एकच बाजू धरली की चक्र पुन्हा फिरायला लागतं.

आधी खात्री करा, इसबच आहे ना?

हा भाग ढकलून पुढे जाऊ नका प्लीज. रात्री वाढणारी प्रत्येक खाज इसबाची नसते.

खरूज, म्हणजे स्केबीज. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, जांघेत बारीक पुळ्या आणि रात्री भयंकर खाज. सगळ्यात मोठी खूण म्हणजे घरातल्या किंवा हॉस्टेलच्या खोलीतल्या इतरांनाही खाज सुटलेली असते. ही मात्र लागण होणारी आहे. एकट्याने औषध लावून उपयोग नाही. ज्यांना खाज नाही त्यांच्यासकट सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचा आणि त्याच दिवशी कपडे, चादरी गरम पाण्यात धुवायच्या.

दुसरं, गजकर्ण किंवा नायटा. ही बुरशी. गोल चट्टा, कड उठलेली, मध्ये थोडं साफ. जांघेत, कमरेवर, जिथे घाम साचतो तिथे. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात घरोघरी. यावर नुसतं स्टेरॉइडचं मलम लावलं तर दोन दिवस बरं वाटतं आणि मग बुरशी मोकाट सुटते. आपल्याकडे औषधांना दाद न देणारा नायटा बराच वाढलाय. त्यामागच्या एका बुरशीला २०२० मध्ये वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळालं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच इंडिया आहे. अभिमानाची गोष्ट नाही ही.

त्या ट्यूबची गोष्ट

आता माझी चूक सांगते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आधी मान इतकी भडकली की हॉस्टेलजवळच्या मेडिकलमध्ये गेले आणि म्हटलं, “खाजेवर काहीतरी द्या.” त्याने एक ट्यूब काढून दिली. बुरशीवरचं, जंतूंवरचं आणि स्टेरॉइड, सगळं एकात. दोन दिवसांत मान साफ! मी ती ट्यूब पर्समध्ये ठेवायला लागले. जरा खाज आली की लाव. असे सात-आठ महिने.

मग मानेवरची त्वचा पातळ झाली, बारीक शिरा दिसायला लागल्या. कोपराच्या घडीत पोटावर पडतात तसे पांढरट ओरखडे पडले, ते आजही आहेत. आणि ट्यूब थांबवली की चार दिवसांत आग परत, आधीपेक्षा जास्त. त्या ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल होतं. स्टेरॉइड मलमांतलं सगळ्यात जोरकस. मानेसारख्या नाजूक जागी, कोणालाही न विचारता, महिनोन्‌महिने.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घेतली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम आहे. पण काउंटरवर जाऊन मागून बघा.

आता कथेचा दुसरा भाग, जो कोणी सांगत नाही. त्यानंतर मी इतकी घाबरले की स्टेरॉइड हा शब्दच नको झाला. नंतर एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सौम्य मलम लिहून दिलं, तेही मी वर्षभर लावलं नाही. नुसतं खोबरेल चोपडत बसले आणि रोज रात्री रक्त काढत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, “अहो, गॅसची आच जास्त होऊन भाजी करपली म्हणून तुम्ही गॅसच पेटवायचा बंद केलाय.” मला ते पटलं.

स्टेरॉइड मलम शत्रू नाही. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरलेले दिवस लावलं तर भडकलेला इसब विझवायला ते आजही पहिलं औषध आहे. चेहरा, मान, जांघ, काख इथे सौम्य. तळहात-तळपायाच्या जाड त्वचेला जास्त ताकदीचं. ते डॉक्टर ठरवणार. चेहऱ्यासारख्या जागी आणि लांबच्या वापरासाठी टॅक्रोलिमससारखी स्टेरॉइड नसलेली मलमंही असतात. सुरुवातीला थोडी जळजळतात, मग बहुतेकांना सवय होते.

किती लावायचं? याचं सोपं माप आहे. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढा. मोठ्या माणसाच्या बोटावरची ती रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. म्हणजे तुमचा इसब चार तळहातांएवढा असेल तर एका वेळी दोन रेघा, एक ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तर ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर जाईल. ती चार दिवसांत संपत असेल तर जास्त लावताय, आणि अर्धं वर्ष पुरत असेल तर नुसता वास दाखवताय.

आणि चट्टा बरा झाल्यावर? ज्यांचा इसब पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो त्यांना डॉक्टर बरेचदा आठवड्यातून दोनच दिवस त्या जागी मलम लावायला सांगतात, आग परत पेटू नये म्हणून. तुमच्या बाबतीत हे चालेल का, नक्की विचारा.

संध्याकाळचं वेळापत्रक

आता मुख्य मुद्दा. माझं वेळापत्रक सांगते, तुम्ही तुमच्या सोयीने बदला.

मी रात्री साडेनऊला आंघोळ करते. दिवसभराचा घाम आणि धूळ घेऊन गादीत शिरायचं नाही. पाणी कोमट. हिवाळ्यात गिझरचं कडकडीत पाणी अंगावर घेतलं की खाज क्षणभर पळते, मला माहितीये तो मोह! पण गरम पाणी त्वचेतलं तेल धुऊन नेतं आणि तासाभरात खाज व्याजासकट परत येते. पाच ते दहा मिनिटं, बास. साबण नेहमीचा नाही. साध्या साबणाचा पीएच ९-१० च्या आसपास असतो, त्वचेचा ५.५ च्या जवळपास. म्हणून साबणविरहित, बिनवासाचा क्लेन्झर, तोही फक्त काखा, जांघा, पाय इथे. पाण्यात डेटॉल-सॅव्हलॉन टाकायचं नाही, घासणी नाही, वज्री नाही.

टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही. अंग दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. ही रोजची शाकारणी. पावसाआधी कौलं नीट करतात ना, तशी आपण रोज रात्रीआधी करायची. मॉइश्चरायझर जितका घट्ट तितका चांगला, लोशनपेक्षा क्रीम, क्रीमपेक्षा ऑइंटमेंट. वास नको, रंग नको. केसांच्या दिशेने खाली पसरवायचं, चोळायचं नाही. आणि हात आखडता घ्यायचा नाही. अंगभर इसब असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागू शकतं! म्हणून महागाचा छोटा डबा पुरवून वापरण्यापेक्षा स्वस्तातला मोठा डबा घ्या. साधं पांढरं पेट्रोलियम जेलीसुद्धा चालतं. एक काळजी मात्र घ्या. पॅराफिन असलेलं मलम कपड्यांत मुरलं की ते कापड पटकन पेट घेतं. गॅस, समई, उदबत्ती यांच्यापासून लांब.

मग पंधरा-वीस मिनिटं थांबून, भडकलेल्या जागी डॉक्टरांनी दिलेलं मलम.

कपडे सुती, सैल, जुने, धुऊन मऊ झालेले. आजीच्या जुन्या सुती साडीची गोधडी मिळाली तर सोनं. लोकरीची घोंगडी किंवा फरचं ब्लँकेट अंगाला थेट नको. पंखा चालू. खोली थंड असली की खाज निम्मी राहते, हा माझा अनुभव. नखं दर तीन-चार दिवसांनी कापायची आणि कड घासून गुळगुळीत करायची. कापलेली धारदार नखं लांब नखांपेक्षा वाईट. हात फारच चालत असेल तर पातळ सुती हातमोजे. लहान भावंडं, भाचरं असतील त्यांच्यासाठी तर नक्कीच.

फारच भडकलंय? तर ओल्या पट्ट्यांचा उपाय आहे. औषध आणि मॉइश्चरायझर लावल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ सुती कापड गुंडाळायचं, त्यावर कोरडं कापड. मला याने पहिल्याच रात्री झोप लागली होती. पण कापडाखाली औषध जास्त शोषलं जातं, म्हणून किती दिवस करायचं ते डॉक्टरांना विचारूनच. आणि पू किंवा पिवळी खपली असेल तर अजिबात नाही.

दोन वाजता जाग आलीच तर?

फ्रिजमध्ये मॉइश्चरायझरची एक छोटी डबी ठेवा. जाग आली की दिवा न लावता, फोन न उघडता, थंड क्रीम त्या जागी लावा. किंवा गार पाण्यात पिळलेला रुमाल पाच मिनिटं ठेवा. बर्फ थेट त्वचेवर नाही, फडक्यात गुंडाळून.

आणि नखांऐवजी तळहात. दाबा, थोपटा. खाज सुटली त्या जागेच्या शेजारची चांगली त्वचा हलके चिमटीत धरा. फोन उघडून रील बघत बसलात तर हात गुंतेल खरा, पण झोप गेली ती गेलीच. मी हे तज्ज्ञांच्या नाही, गुन्हेगाराच्या अधिकाराने सांगतेय.

आजीचं जपाचं मशीन

आता सवयीबद्दल. आपण दिवसभरात किती वेळा खाजवतो हे आपल्याला ठाऊकच नसतं. सवय मोडण्याची एक जुनी, साधी पद्धत आहे. तिचा इसबासाठी उपयोग स्वीडनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी करून दाखवला. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. हात खाजवायला गेला की एक.

त्यासाठी मी वापरलं आजीचं जपाचं मशीन. देवळाबाहेर मिळतं ना ते, बोटात अंगठीसारखं घालायचं आणि बटण दाबायचं. आजी म्हणाली, “ने बाई, पण परत दे. माझा जप अडलाय.” पहिल्याच दिवशी आकडा तीनशेच्या वर गेला. मला वाटत होतं फार तर चाळीस असेल! त्यातले किती तरी वेळा खाज नव्हतीच. कपडे बदलताना, फोनवर बोलताना, कंटाळा आला म्हणून, सिग्नलला थांबले म्हणून. नुसती सवय.

दुसऱ्या आठवड्यापासून हात उठला की मूठ वळायची, हलकेच, तीस सेकंद. मनात मोजायचे. तरीही खाज असेल तर त्या जागी नख नुसतं दाबून धरायचं, ओढायचं नाही. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं. पण तीन-चार आठवड्यांत आकडा खाली आला. आणि गंमत म्हणजे दिवसा हात शांत झाला तसा रात्रीही कमी चालायला लागला. म्हणून म्हणते, रात्रीचं काम दिवसा करायचं.

घरच्यांसाठी एक विनंती. “खाजवू नकोस” म्हणू नका. त्याने लाज वाटते, ताण वाढतो, आणि ताणाने खाज वाढते. त्याऐवजी म्हणा, “क्रीम आणून देऊ का?” माझ्या आईने हा एक बदल केला आणि आमची निम्मी भांडणं संपली.

गोळ्या, तेल आणि पथ्य

पटापट उत्तरं देते, कारण मेसेजमध्ये हेच प्रश्न असतात.

सेट्रिझिन घेऊ का? पित्त उठतं तेव्हाची खाज हिस्टामिनमुळे असते, तिथे ही गोळी छान चालते. इसबाची खाज मुख्यतः दुसऱ्याच रसायनांमुळे होते, म्हणून तिथे फारसा उपयोग नाही. झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या डॉक्टर कधी थोडे दिवस देतात, पण सकाळी सुस्ती राहते. टू-व्हीलर चालवत असाल तर हे गमतीत घेऊ नका.

खोबरेल तेल? घाण्याचं, शुद्ध, बिनवासाचं असेल तर सौम्य इसबात मदत होते, फिलिपिन्समध्ये लहान मुलांवर झालेल्या चाचणीतही तसं दिसलंय. सुवासिक केशतेल नाही. मोहरीचं तेल नाही, ते झोंबतं. ऑलिव्ह तेलाने तर कौलं आणखी सैल होतात. फुटलेल्या त्वचेवर लिंबू, हळद, उटणं, लसूण नको. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी उटणं फक्त हुंगते, लावत नाही. आई रुसते, पण चालतं.

वांगं, दूध, अंडी, मासे बंद करू? एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील तर डॉक्टरांना सांगा, तपासणी होईल. पण उगाच सगळं सोडून देऊ नका, विशेषतः लहान मुलांचं. पोरगं वाळतं आणि इसब तिथेच राहतो.

आणि ज्यांना मलमांनी भागत नाही त्यांच्यासाठी आता खरंच नवे मार्ग आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेत डुपिलुमॅब या इंजेक्शनला मान्यता मिळाली. ते खाजेच्या मुळाशी असलेले दोन निरोप अडवतं. जॅक इनहिबिटर नावाच्या गोळ्याही आहेत, त्या खाज झपाट्याने कमी करतात, पण आधी टीबीसकट तपासण्या कराव्या लागतात. दोन्ही भारतात मिळतात, स्वस्त नाहीत. म्हणून सुरुवात नेहमी बादली, डबा आणि बोटाच्या पेरापासूनच. खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचा विभागाची ओपीडी असते. रांग असते, पण निदान नीट होतं.

हे दिसलं तर वाट बघू नका

चट्ट्यातून पू, मधासारखी पिवळी खपली, ताप, वाढत जाणारा ठणका, म्हणजे जंतुसंसर्ग. आणि एकाच आकाराचे, छिद्र पाडल्यासारखे दुखरे फोड पटापट पसरत असतील, सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तो नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो, आणि त्याला वेळेत औषध लागतं.

तर मंडळी, इसब एका रात्रीत जात नाही. माझाही गेलेला नाही. ऑक्टोबर हीटमध्ये आणि डिसेंबरच्या कोरड्या थंडीत तो हजेरी लावतोच. पण मागच्या महिन्यात मी फिक्या निळ्या रंगाची चादर घेतली. सकाळी उठून बघते, आणि बहुतेक दिवशी ती फिकी निळीच असते.

आज रात्री एवढंच करा. कोमट पाणी, तीन मिनिटांच्या आत क्रीम, सुती कपडे, पंखा. आणि उद्यापासून मोजायला लागा. जपाचं मशीन नसेल तर फोनमध्ये काउंटर आहेच. पहिल्या दिवसाचा आकडा मला मेसेज करा, माझ्या तीनशेच्या वर कोण जातंय बघू.

भेटू पुढच्या भागात. शांत झोपा.